न पाहिलेलं स्टेशन

विजेच्या गाड्यांसाठी राज्यात जागोजागी चार्जिंग स्टेशनं उभी राहत होती. ती तपासून अहवाल देणं हे माझं काम. माझ्या वाट्याला एकोणीस आली होती. महिनाअखेरीला साहेबांचा फोन आला, "वर आकडा द्यायचाय. संध्याकाळपर्यंत सगळी 'चालू' दिसली पाहिजेत."

तेरा मी पाहिली होती. उरलेली सहा डोंगरापलीकडे. ठेकेदार म्हणाला, "झालंच समजा, साहेब." मीही समजलो. खुर्चीतून न उठता सहा वेळा 'चालू'वर बोट ठेवलं आणि चहाला गेलो. गाडीवाल्यांच्या ॲपच्या नकाशावर सहा हिरवे ठिपके उमटले. पुढे ते माझ्या लक्षातही राहिलं नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली आणि माझ्या सांगण्यावरून विजेची गाडी घेतली. नातेवाइकांनी नाकं मुरडली, "मध्येच बंद पडली तर?" ताईचं उत्तर ठरलेलं, "माझा भाऊ त्याच खात्यात आहे."

त्या सोमवारी ती शेजारच्या शिवणवाल्या काकूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात नेत होती. साडेदहाला तिचा फोन आला.

"अरे, डोंगराखालच्या स्टेशनवर आहे. यंत्र ढिम्म हलत नाही. गाडीत चार टक्के उरलेत."

त्या सहा ठिपक्यांपैकीच ते एक होतं. तोंडातून मात्र निघालं, "आजच बिघडलं असेल गं. यंत्रच ते."

"तेच म्हणाले मी काकूंना. तू तपासलंयस म्हटल्यावर आधी चालूच असणार."

मी तडक निघालो. दोन तासांच्या वाटेत सबबी जुळवत होतो: व्होल्टेज, पाऊस, उंदरांनी कुरतडलेली केबल.

पोहोचलो तर यंत्राभोवती कारखान्यातून येतानाचं प्लॅस्टिक तसंच गुंडाळलेलं होतं. ताईने ते अर्धं फाडलं होतं. मागे केबलसाठी खणलेल्या चरात गवत माजलं होतं. केबल नव्हतीच. उंदरांना कुरतडायलाही काही नव्हतं.

शेजारच्या पंक्चरवाल्याने आपल्या साध्या प्लगवर ताईची गाडी लावून दिली होती, पण ती तासाला चार-पाच टक्क्यांच्या वर चढेना. दवाखान्याची बाराची वेळ टळली होती. पुढची वेळ दोन महिन्यांनी. मी कोण हे ठाऊक नसलेला पंक्चरवाला म्हणाला, "आठ महिने झाले, इकडे काळं कुत्रं फिरकलेलं नाही."

काकू बाकावर बसल्या होत्या. "कशाला रे धावत आलास काम टाकून?" म्हणत त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. मी बाटली तशीच परत दिली.

ताईने विचारलं, "तू इथे आला होतास?"

"नाही."

"मग लिहिलंस कसं?"

"सगळेच तसं..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काकूंकडे वळली. "काकू, मघाशी मी चुकीचं सांगितलं. यंत्र बिघडलेलं नाही. माझ्या भावाने न बघताच लिहिलं होतं. माफ करा."

"असू दे गं," काकू म्हणाल्या, "तोवर सुईत दोरा सून ओवेल." त्यांच्याकडे मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उरलेली पाच स्टेशनं पायाखाली घातली. तीन बंद निघाली. अहवाल बदलला. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, आमच्याही," साहेब म्हणाले आणि खुलासा मागितला. मी एकच ओळ लिहिली: न पाहता लिहिले. ताईला सांगितलं तेव्हा ती "बरं केलंस" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

दोन महिन्यांत मी स्वतः उभं राहून डोंगराखालच्या स्टेशनला वीज जोडून घेतली, गाडी लावून पाहिली. ऑपरेशनच्या सकाळी मी ताईकडे गेलो. "मी नेतो," म्हटलं.

"नको, मी नेईन."

"स्टेशन आता चालू आहे, ताई. मी स्वतः पाहिलंय."

"हो का," ती म्हणाली. मग माझ्यासमोरच तिने पंक्चरवाल्याला फोन लावला, "दादा, ते स्टेशन खरंच चालू आहे ना?"