शेवटची दहा मिनिटं

शेवंताबाई झाडू आणि काळी पिशवी घेऊन अंधारात दारापाशी उभ्या राहिल्या, तेव्हा पडद्यावर भिकाऱ्याच्या वेशातला राजा धनुष्य वाकवत होता. ग्रीक पुराणातली गोष्ट होती म्हणे. शिट्ट्यांनी थेटर दणाणलं. "हाण की राजा," मागून कुणीतरी ओरडलं. वीस वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्याला राणीनं ओळखलं आणि बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

सफाईवालीच्या वाट्याला प्रत्येक खेळाची शेवटची दहा मिनिटं तेवढी येतात. राजा कुठे गेला होता, कशात अडकला होता, हे शेवंताबाईंना ठाऊक नव्हतं. आठवडाभर तो परत येताना मात्र त्यांनी दिवसातून चार वेळा पाहिला होता. त्यांचा नवरा गुंडू अठरा वर्षांपूर्वी सुरतेला कामाला म्हणून गेला. दोन वर्षं फोन आले, मग तेही बंद. पण राजा येतो, तर गुंडू का नाही येणार? मन खुळं असतं, त्याला कोण काय सांगणार.

"राणी येडीच की," बाहेर पडणारी एक पोरगी म्हणाली. "मी दोन वर्षांत दुसरं लगीन केलं असतं."

"बाई असावी तर अशी," तिच्या मागचा पोक्त माणूस म्हणाला. तो आपल्यालाच म्हणाला असं शेवंताबाईंना वाटलं. त्यांनी मंगळसूत्र सारखं केलं.

रांगा झाडून त्या बाहेर आल्या, तर मागच्या जिन्यापाशी मुरगूडचा दीर, बाळासो, उभा. सासूबाईंचं दिवसकार्य होऊन चारच दिवस झाले होते.

"ह्यांचं काय कळलं व्हय, भावजी?" त्यांनी घाईनं विचारलं.

बाळासो चपलेकडे बघत म्हणाला, "वहिनी, दादा गेला. सहा वर्सं झाली. तिकडंच दुसरं घर केलतं त्यानं. मी मातीला गेलतो."

"सहा वर्सं?"

"आईला सोसलं नसतं. ती हाय तवर तुमचं कुंकू तिच्या डोळ्याम्होरं असाय पायजे हुतं. आता आईच न्हाय, मग लपवून काय करू?"

शेवंताबाईंना गुंडू आठवला नाही, सासूबाईही नाहीत. आठवला वड. त्यांचे गुडघे धरायला लागल्यापासून वटपौर्णिमेला हाच दीर त्यांना मोटारसायकलवरून वडाला न्यायचा. त्या मेलेल्या माणसाच्या आयुष्यासाठी फेऱ्या घालायच्या आणि हा गाडीला टेकून बघत थांबायचा.

"गेल्या साली दोरा कमी पडला," त्या म्हणाल्या. "तवा तूच पळत जाऊन आणून दिलास की रं."

आजवर त्यांनी दिराला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. बाळासो जिना उतरून गेला.

शेवंताबाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि त्या सुपरवायझर प्रीतीकडे गेल्या.

"पोरी, उद्याची माझी रजा खोडून टाक."

"का वो मावशी? वटपौर्णिमा हाय की. वडाला जायाचं न्हाय?"

"न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "उद्या बायकांची गर्दी हुईल शिनेमाला. कचरा लई पडंल."

प्रीतीनं रजा खोडली. शेवंताबाई नवी पिशवी झटकून उघडत शेजारच्या स्क्रीनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत राजा यायची वेळ झाली होती.