रामटेकपर्यंत, न ढकलता

नागपूरच्या नंदनवन वस्तीत मनोहरराव गणोरकरांच्या गाडीला ज्यानं कधी धक्का दिला नाही, असा माणूस शोधूनही सापडला नसता. पोस्टमननं दिला होता, दूधवाल्यानं दिला होता. एकदा तर मयतीला जमलेल्या लोकांनी तिरडी बांधायचं थांबवून दिला होता, कारण गाडी नेमकी त्यांच्याच दारात आडवी झाली होती. पण या साऱ्यांचे मिळून जेवढे धक्के झाले असतील, त्याहून जास्त एकट्या प्रेमिलाबाईंचे होते. प्रेमिलाबाई म्हणजे मनोहररावांची बायको. लग्नानंतर नवरा-बायको पहिल्यांदा हवा खायला निघाले ते सदर बाजाराला. जाताना बाई गाडीत बसून गेल्या आणि येताना नव्या शालूचा पदर कमरेला खोचून गाडीच्या मागून आल्या. सासूबाईंनी दारात विचारलं, "काहून वं, चालत आली?" तर बाई म्हणाल्या, "नाही जी, गाडीनं आली. गाडी थोडी पुढं होती."

गाडी कोणत्या कंपनीची, असं कोणी विचारलं की मनोहरराव विषय बदलत. खरं सांगायचं तर मूळ कंपनीच्या दारात ती नेऊन उभी केली असती, तर कंपनीनं ओळखसुद्धा दिली नसती. कार्बोरेटर सरकारी लिलावातल्या जीपचा, रेडिएटर कोणा ट्रॅक्टरचा, आणि हॉर्न तर रिक्षाचा रबरी भोंगा. हिशेब खात्यात दिवसभर मान मोडायची आणि घरी आल्यावर शर्ट काढून गाडीखाली घुसायचं, हा त्या माणसाचा संसार. जोडीला शेजारचा शालिकराम वासनिक. हा बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. दोघांचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसायचे आणि आतून भांडण ऐकू यायचं. कोणाचे पाय कोणते, हे प्रेमिलाबाई चपलांवरून ओळखत आणि त्याप्रमाणे चहात साखर घालत.

आता ही एवढी मरमर कशासाठी? तर शर्यतीसाठी! नागपुरात एक हौशी मोटार मंडळ होतं. त्यात निम्मे वकील, आणि कोर्टाला सुट्टी कधी, तर मे महिन्यात. म्हणून शर्यत मे महिन्यात. बोला! ज्या उन्हात नागपूरचं कुत्रं सावली सोडत नाही, त्या उन्हात हे शहाणे मोटारी काढून रामटेकला निघणार. नियम सोपे होते. नागपूरहून निघायचं, रामटेकला पोचायचं, आणि शेवटी गडाचा चढ चढून वर देवळाशी थांबायचं. गाडीत माणसं दोन. बॉनेट उघडलं की गुण कापले, आणि गाडीला धक्क्याचा हात लागला की गाडी बाद.

या शेवटच्या नियमानं मनोहररावांचा दरवर्षी घात केला होता. एका वर्षी कामठीला, एका वर्षी कन्हानच्या पुलावर. मंडळाचे सेक्रेटरी ॲडव्होकेट मुकुंदराव तर बक्षीस समारंभात म्हणायचे, "गणोरकरांची गाडी ही चालवायची नव्हे, नेऊन पोचवायची वस्तू आहे." आणि सगळी वकील मंडळी खो खो हसायची. मनोहररावसुद्धा हसायचे. काय करणार?

एकाहत्तर सालच्या एप्रिलात प्रेमिलाबाईंचा बांध फुटला. त्या दिवशी भाजी आणायला म्हणून दोघं निघाले होते, आणि भोपळा काखेत धरून बाईंनी गाडी घरापर्यंत ढकलत आणली. अंगणात आल्यावर त्यांनी भोपळा दाणकन बॉनेटवर ठेवला.

"आयका," त्या म्हणाल्या. "या खेपेला शालिकभाऊ नाही, मी बसीन तुमच्यासंगं. रामटेकले. वर गडापर्यंत. मले एकदाही ढकलायची पाळी नाही आली पाहिजे. आली, तं दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात. भंगारवाल्याले मीनं सांगून ठेवलं हाय."

"अवं पण प्रेमिला..."

"मी काय गाडी ढकलाले जन्मली काय जी?" असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. बाई चिडल्या असत्या तर मनोहररावांनी सोसलं असतं. पण बाईंचे डोळे भरले होते.

शालिकराम रुसला. "संसार तुमचा, शर्यत आमची. याची त्याच्यात भेसळ कायले करता गा?" म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पान्हे घेऊन हजर. दोघांनी मग गाडी नुसती सोलून काढली. मागची सीट गेली, मागचा बंपर गेला, काचा गेल्या. डावीकडचं दार काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. क्लचच्या पेडलला वजन कमी करायला भोकं पाडली. त्यानं किती वजन कमी झालं देव जाणे, पण मनोहररावांना फार बरं वाटलं.

राहता राहिलं ऊन. मे महिन्यात पेट्रोल इंजिनाच्या पंपातल्या पंपातच उकळतं, नळीत वाफ अडकते आणि गाडी घरघर करून जीव टाकते. मनोहररावांची गाडी आजवर मेली ती बहुतेक वेळा याच दुखण्यानं. ड्रायव्हर लोक पंपावर ओलं फडकं टाकतात, पण ते फर्लांगभरात वाळतं. यावर तोडगा मनोहररावांना ऑफिसात बसल्या बसल्या सुचला. समोर खिडकीला खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, चपराशी तिच्यावर पाणी मारतोय, आणि गार वारा सुटलाय. हा माणूस खुर्चीतून उठलाच! साहेबाची मेहेरनजर असती, तर अख्ख्या गाडीलाच टट्टी बांधली असती.

झालं. खस आणून पंपाभोवती गुंडाळली. वर तुपाचा रिकामा डबा बसवला, त्याला बारीक भोक. थेंब थेंब पाणी खशीवर पडायचं, वारा लागायचा, पंप गार. नंदनवनच्या सपाट रस्त्यावर अशी काही पळाली गाडी, की धक्का द्यायला धावून आलेले लोक निराश होऊन परत गेले. शालिकरामनं मिठी मारली. "मनोहर, तू गाडीले कूलर लावला बे!"

आणि इथंच गोची होती. नागपूरच्या माणसाचा कूलरवर इतका विश्वास, की त्याच्यापुढं त्याला काही दिसत नाही. डबा सपाट रस्त्यावर कसा वागतो, ते दोघांनी पाहिलं होतं. चढावर गाडीचं तोंड वर झाल्यावर तो कसा वागेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी साहेब लोक नाश्ता करून येईपर्यंत दहा वाजले होते. सदरमधून निशाण पडलं. प्रेमिलाबाई डावीकडं, दार नव्हतं म्हणून एका हातानं छपराची कड धरून बसल्या होत्या. डोक्यावरून ओला टॉवेल, मांडीवर पाण्याची सुरई.

"हे दार कुठी हाय जी?"

"खुराड्याले."

"वा! म्हणजे कोंबड्यांले दार, बायकोले हवा."

कामठी मागे पडली. कन्हानचा पूल आला तेव्हा मनोहररावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, पण गाडीनं पुलाकडं पाहिलंसुद्धा नाही. पुलापलीकडं मोटारी दिसायला लागल्या. एक झाडाखाली, बॉनेट उघडं. एक मधोमध, आणि तिचे मालक कोट घालून हातपंख्यानं इंजिनाला वारा घालत होते. मनसरपर्यंत अशा कितीतरी. चकाकत्या, नव्या रंगाच्या, आणि सगळ्या मेलेल्या! प्रेमिलाबाई आधी नुसत्या मोजत होत्या. मग त्यांना हसू यायला लागलं. मग त्यांनी रबरी भोंगा हातात घेतला आणि प्रत्येक बंद गाडीपाशी पों पों करत गेल्या.

"ढकला, ढकला!" त्या ओरडायच्या. "जोर लावा, वकीलसाहेब!"

मनोहररावांनी बायकोकडं पाहिलं. तोंड उन्हानं लाल झालेलं, केस विस्कटलेले, आणि ती हसत होती. या गाडीत बसून ती हसली, असं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, बक्षीस गेलं खड्ड्यात, आपण जिंकलो.

रामटेक आलं, बाजार मागे पडला आणि गडाचा चढ लागला. त्यांच्या पुढं एकही गाडी नव्हती. एकही! शेवटच्या वळणावर लिंबाच्या सावलीत मुकुंदराव शिटी गळ्यात अडकवून खुर्चीवर बसले होते. ते पहाटेच ड्रायव्हर आणि मंडळाच्या शिपायांसोबत येऊन बसले होते. मोटार मंडळाच्या सेक्रेटरीनं शर्यतीत भाग घेऊ नये, असा नियम त्यांनी स्वतःच केला होता. शालिकराम एसटीनं येऊन तिथंच उभा होता आणि लांबूनच दोन्ही हात नाचवत होता. वळणाच्या वर देऊळ दिसत होतं.

गाडीचं तोंड वर झालं. डबा मागं कलला. डब्यातलं उरलंसुरलं पाणी भसकन इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर सांडलं, आणि इंजिन खोकलं. एकदा. दोनदा.

मनोहररावांना क्षणात उमजलं काय झालं ते. तापलेलं इंजिन आहे, पाणी आत्ता उडून जाईल. त्यांनी क्लच अर्धा दाबला, पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडला नाही, आणि मनात म्हणाले, धर बाई, धर. आणि इंजिननं धरलं. गाडी इंचभर, दोन इंच पुढं सरकली.

पण डावीकडची जागा रिकामी होती!

बाईंना तरी काय दोष द्यायचा? इतकी वर्षं तो खोकला कानावर पडला की पाय आपोआप खाली गेलेला. दार असतं तर कडी काढेपर्यंत तरी भान आलं असतं. पदर खोचलेला, डोकं खाली, दोन्ही पंजे गाडीच्या पाठीला, आणि तोंडानं, "हां, मारा सेल!"

मुकुंदरावांची शिटी वाजली.

"बाद! गणोरकर, बाद!" ते खुर्चीतून उठत म्हणाले. "वहिनी, काय केलंत हे? अहो, गाडी एकदाची चालायला निघाली, तर तुम्हीच तिचा निकाल लावलात!" आणि ते हसले. त्यांचा ड्रायव्हर हसला, शिपाई हसले. "या वर्षीच्या समारंभाला मला भाषण तयार करायलाच नको!"

प्रेमिलाबाई तशाच उभ्या राहिल्या. मग हात पाहिले. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मनोहररावांनी ब्रेक ओढला. इंजिन बंद करायची त्यांची छाती झाली नाही. शालिकरामनं धावत येऊन चाकामागं धोंडा लावला.

"मनोहर, अबे इंजिन तं धरलं होतं! मीनं आयकलं, वहिनीनं हात लावायच्या आंधीच..."

"चूप बस, शालिक," मनोहरराव म्हणाले. शालिकरामशी ते असं कधी बोलले नव्हते.

ते बायकोपाशी गेले. बाईंनी पदर खाली केला. डोळे लाल झाले होते.

"खरं सांगा जी. मीनं हात नसता लावला, तं चढली असती काय?"

आता आली पंचाईत. चढली असती म्हणावं, तर ते खरंच होतं. गाडी वाचत होती. ढकलायची पाळी आलीच नव्हती, बाईंची अटसुद्धा मोडत नव्हती. पण मग मुकुंदराव मरेपर्यंत दर वर्षी हेच भाषण ठोकणार, आणि ही त्या भाषणात कायमची उभी राहणार, पदर खोचून, जिंकलेली शर्यत बुडवणारी. आणि नसती चढली म्हणावं, तर उद्या सकाळी भंगारवाला दारात. मनोहररावांनी मागं वळून गाडीकडं पाहिलं. घरघरत उभी होती बिचारी, धोंड्यावर टेकून.

"नसती चढली," ते म्हणाले, आणि मुकुंदरावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "मेलीच होती गाडी. तू होती म्हणून इथलोक तरी सरकली."

शालिकरामनं कपाळावर हात मारला. मुकुंदरावांचं हसू जरा कमी झालं. प्रेमिलाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

"खोटं," त्या हळूच म्हणाल्या.

"काय खोटं?"

"माह्या हाताले नाही समजत काय? जलम गेला माहा हिले ढकलण्यात. मेलेली गाडी हाताले जड लागते. आज हात टेकला, तवा थे पुढंच जाऊन राहिली होती. ढकलाले मले काही उरलंच नव्हतं."

मनोहरराव तिच्या शेजारी दगडावर टेकले. "मंग काहून विचारलं?"

"पाहून राहिली होती, तुम्ही काय सांगता थे." बाईंनी नाक पुसलं. "एवढी जीव लावलेली गाडी, आन् एका शब्दात भंगारात देऊन मोकळे झाले. लाज नाही वाटत?"

"तू रडून राहिली होती नं वं," मनोहरराव म्हणाले. "मंग मले नाही सुचलं दुसरं काही."

बाई उठल्या. मुकुंदरावांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "देऊळ अजून वर हाय," त्या म्हणाल्या. "आन् मले वरलोक न्यायचं ठरलं होतं."

"बाद झाली नं पण..."

"त्यांच्यासाठी झाली. चला."

मनोहरराव गाडीत बसले. शालिकरामनं धोंडा काढला. त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि इंजिन पुन्हा एकदा खोकलं. त्यांनी डावीकडं पाहिलं. प्रेमिलाबाई डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या, आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.