मागे ऐकू येतंय का?

मित्रांनो, मी एका कॉलेजच्या हॉलमधला जुना माइक आहे. आधीच सांगून ठेवतो, माझ्या डोक्यावर टकटक करायची नाही आणि तोंडात फुंकायचंही नाही. त्याचा मी जन्मभर धसका घेतला आहे. माझ्या जाळीला आलेला हा पोचा बघा. एका पाहुण्यांनी भाषणाच्या भरात मला टेबलावर आपटलं, त्याची ही खूण.

कारखान्यातून निघालो तो लांबलचक वायरीसकट खोक्यात बसून इथे आलो. मला कार्यालयाच्या अधीक्षक बाईंच्या ताब्यात दिलं. प्रवेश, परीक्षा, गळके नळ, हरवलेल्या किल्ल्या, सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यात माझी भर पडली.

कोणताही कार्यक्रम असो, बाई सकाळीच हॉलमध्ये येत. मला स्वच्छ फडक्याने पुसत, वायर जोडत आणि विचारत, "हॅलो, मागे ऐकू येतंय का?" शेवटच्या रांगेत शिपाईकाका उभे असत. ते "येतंय!" म्हणून ओरडले की बाई मला बंद करून कामाला लागत. मग माझ्यापुढे मोठमोठे लोक येत. कोणी चऱ्हाट वळत बसे, कोणी "दोनच शब्द बोलतो" म्हणून घड्याळाकडे पाठ फिरवी. नंतर लोक म्हणत, "काय आवाज लागला साहेबांचा!" अहो, आवाज माझा होता! जाऊ द्या.

बाईंना मात्र व्यासपीठाची भारी धास्ती. मुलं त्यांना लाडाने 'हॅलोबाई' म्हणत, कारण 'हॅलो, मागे ऐकू येतंय का' याच्यापुढचं एकही वाक्य त्या माइकवर कधी बोलल्या नव्हत्या. मला फार वाटे, बाईंनी एकदा तरी पुढचं बोलावं.

एकदा माझी वायर गुंडाळताना त्या म्हणाल्या, "काका, आई रोज विचारते, तू शिकवत नाहीस, मग दिवसभर कॉलेजात करतेस तरी काय? मला धड सांगताच येत नाही हो."

"सांगायचं, सगळं करते म्हणून."

"ते तिला पटत नाही ना!"

पुढे बिनवायरीचा नवा माइक आला. गुळगुळीत आणि ऐटबाज. माझी रवानगी हॉलच्या कपाटात, जुन्या पडद्यांशेजारी झाली. काका म्हणाले, "भंगारात देऊ का?" बाई म्हणाल्या, "राहू द्या हो, खायला मागतोय का तो?" अधूनमधून त्या कपाट उघडून मला पुसून ठेवत. खरं सांगतो, तेव्हा मला भरून येई.

यंदा बाई निवृत्त होणार होत्या. उत्कृष्ट सेवेबद्दल त्यांचा सत्कार करायचं कॉलेजने ठरवलं. बाईंची अट एकच होती, "सत्कार करा, पण मला बोलायला लावू नका."

त्या दिवशी कपाटाचं दार किलकिलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. हॉल गच्च भरला होता. बाई व्यासपीठावर अंग चोरून बसल्या होत्या. त्यांच्या म्हाताऱ्या आईला यायला उशीर झाला. गर्दीतून पुढे जाणं जमेना, म्हणून ती नातीबरोबर शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. तिला आधीच कमी ऐकू यायचं.

प्राचार्य बोलायला उठले आणि नवा माइक मुका! त्याचं चार्जिंगच कोणी केलं नव्हतं. करणार कोण? ते दर वेळी बाई करायच्या, आणि आज बाईच पाहुण्या होत्या. प्राचार्य तसेच घसा ताणून बोलू लागले. पुढच्या रांगा माना डोलवत होत्या. मागे आई कानामागे हात धरून नातीला विचारत होती, "काय म्हणतायत गं? माझ्या लेकीबद्दलच ना?"

"मलाही नाही ऐकू येत, आजी."

बाईंना ते वरून दिसलं. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून त्या उठल्या. "साहेब, एक मिनिट हं," म्हणत थेट कपाटाशी आल्या. मला काढलं, रुमालाने पुसलं, वायर जोडली. इतक्या वर्षांनी मला आवाज फुटेल ना? मी नुसताच खरखरलो, तर त्या म्हातारीला लेकीचं कौतुक ऐकू जाणार नव्हतं.

"हॅलो, मागे ऐकू येतंय का?"

"होऽऽ!" सगळा हॉल ओरडला आणि खो खो हसला. बाई मला प्राचार्यांच्या हाती देणार, तेवढ्यात त्यांची नजर पुन्हा दाराकडे गेली.

"आई, तुला?"

"येतंय गं!" आई उभीच राहिली. "बोल तू!"

बाईंनी मला पुन्हा तोंडाजवळ धरलं.

"आई, तू विचारतेस ना, मी दिवसभर करते तरी काय? हे करते बघ. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का, ते बघते."

एवढंच बोलून, मला प्राचार्यांच्या हाती देऊन त्या जागेवर जाऊन बसल्या. टाळ्या थांबेनात. आई मात्र टाळ्या वाजवायची विसरली होती. शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून ती सांगत होती, "माझी मुलगी आहे ती."

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. माझं काही म्हणणं नाही. आम्हा जुन्या वस्तूंना कधीतरी फिरवलेलं एक फडकं पुरतं. पण तुमच्या शाळेत कार्यक्रम असेल आणि माइक तुमच्या हातात येईल, तेव्हा एक करा. आधी शेवटच्या रांगेकडे बघा, ऐकू येतंय का विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तेही डोक्यावर टकटक न करता!