नावातला 'ल'

या, अशा जवळ सरकून बसा. नामाचा महिमा आपण नेहमीच ऐकतो. आज एका नावासाठी कान टवकारून उभ्या राहिलेल्या, थायलंडातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट ऐका.

नान नदीकाठच्या त्या गावात शाळेच्या क्रीडादिनाचं संचलन बाजारातून जातं. थाविन म्हातारा सकाळीच सायबुआच्या भाजक्या केळ्यांच्या गाडीपाशी येऊन उभा होता. हातात मोगऱ्याचा हार, सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेला. बायको गेली, पाठोपाठ लेकीशी शब्दाला शब्द लागला आणि लेक पोरीला घेऊन नदीपलीकडे राहायला गेली. त्याला दोन वर्षं झाली. नातीला यंदा संचलनात कसलासा मान मिळालाय, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

"काका, बसा की जरा! हार घेऊन असे ताटकळलाय, लोकांना वाटेल नवरी पळाली."

"पळालीच की गं."

सायबुआनं जीभ चावली. मग म्हणाली, "ओळखाल का पण तिला? पोरींना पहाटे उठवून एवढा रंग फासतात, सख्खी आई चुकते."

"तोंड कोण बघतंय? भोंग्यावर नाव घेतात ना. मालै! मी ठेवलेलं नाव. मालै म्हणजे हार, म्हणून तर हा आणला."

ढोल वाजू लागले. भोंगा ओरडला, "सर्वांत पुढे, दंड घेऊन, कुमारी निचाफा!" पांढऱ्या तुऱ्याची टोपी, सोनेरी झालर, चेहऱ्यावर रंगाचा थर, पोरगी दंड उंच फेकत, झेलत हाताच्या अंतरावरून गेली. थाविननं टाळ्या वाजवल्या. कुणाची का असेना, लेकरू गुणाचं होतं. मग त्यानं मागच्या रांगांकडे कान लावले. निशाणवाल्या झाल्या, ताशेवाले झाले, लाल गट, जांभळा गट. 'मालै' काही कुणी म्हटलं नाही.

"काका, हार तसाच? कुंग तर गेली की, सगळ्यांच्या पुढं!"

कुंग म्हणजे कोळंबी. हे नातीचं घरातलं नाव.

"ती? तिचं नाव तर…"

"बदललंय ना आता. सारखी आजारी पडायची. भिक्खू म्हणाले, शुक्रवारी जन्मलेल्या पोरीच्या नावात 'ल' नको. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

फडकं टाकून म्हातारा गर्दीतून धावत सुटला. "कुंग! ए कुंग!"

रांगांमधून चार पोरींनी माना वळवल्या. कोळंब्या त्या गावात घरोघर! एक ताशा चुकला, लोक हसले. "आजोबा, कुठली हवी? मोठी की छोटी?"

सर्वांत पुढची मात्र वळली नाही. दंडवालीनं मान वळवायची नसते, तसा नियमच आहे. तिचा उंचावलेला हात तेवढा एक ठोका जास्त वर राहिला. तसं थाविनला वाटलं, की खरंच राहिला, ते देव जाणे.

ढोल नदीकडे वळले. तो परत आला आणि हार सायबुआच्या छत्रीच्या दांडीला अडकवला.

"इथं कशाला, काका? घरी न्या, काकूंच्या फोटोपुढं ठेवा."

"तिला काय सांगू? कुणाचा हार म्हणू?"

मंडळी, घरी जाऊन लेकराला लाडाच्या नावानं हाक माराल आणि ते 'ओ' देईल, तेव्हा त्या थाविनची एकवार आठवण ठेवा.