सुभेदाराची जांभळी फुलं

मेढ्याच्या वरच्या अंगाला माझं कुरण. गवत इतकं दाट, की एकदा गाभण म्हैस आत शिरली ती रेडकू घेऊनच बाहेर आली. पण गेल्या वर्षीच्या बेंदराला सुभेदार उदयसिंहाच्या बैलांच्या शिंगांना जांभळी फुलं दिसली, आणि माझ्या कुरणाकडं कुणी ढुंकून बघेना. पलटणीतून रिटायर होताना त्यानं पहाडातून त्या फुलांचं बी आणून बांधावर लावलेलं. बायका ओवाळणं सोडून मोबाईलवर फोटो काढायला लागल्या. आमची बनुबाईसुद्धा! चाळीस वर्षांच्या संसारात माझा एक फोटो काढला नाही तिनं.

मग काय, एका भर दुपारी त्याच्या बांधावरची वाळकी बोंडं खिशात कोंबली अन् माझ्या कुरणात उधळली. पुढच्या बेंदराला माझे बैल शिंगापासून खुरापर्यंत जांभळे करणार होतो.

यंदा बेंदूर आला, फूल एक नाही. काटेरी पानांची ताटं मात्र कुरणभर जमिनीला चिकटलेली. खालचं गवत मेलं. काटा असा, की गांडूळसुद्धा वळसा घालून जायचं. म्हशी रक्ताळलेल्या तोंडानं माघारी फिरल्या. हिवाळ्याला गवताची गंज रचायची कशी?

"उंटकटारी हाय. जाईल आपसूक," मी म्हणालो.

कृषी सहायक दीपमालानं काठीनं पान उलथलं. "नाही आबा. उंटकटारीचं फूल चेंडूसारखं गोल. हे सुभेदारांच्या बांधावरचं. फूल दाढीच्या ब्रशासारखं, दांड्याला काटेरी झालर. परमुलखातलं आहे. पहिल्या साली नुसती पानं धरतं; पुढच्या साली फुललं, तर बिया म्हातारीसारख्या उडतील, गावाचं गायरान संपेल. मुळासकट खणा. सुभेदारांनी त्यांची कालच उपटून जाळली."

दुसऱ्या दिवशी उदयसिंह कुदळ घेऊन माझ्या कुरणात हजर.

"तात्याबा, माझ्या बांधावरनंच वाऱ्यानं आलं. चूक माझी. तुमी बसा सावलीला."

आठ दिवस खणत होता गडी. सारा गाव म्हणायचा, माणूस असावा तर असा. मी आपला सावलीला बसून. नवव्या दिवशी बनुबाई त्याला ताक घेऊन आली. वर लोण्याचा गोळा! माझ्या ताकात लोणी कवा दिसलं न्हाई.

"वारा कसला रं?" मी ओरडलो. "मी चोरलंय तुझं बी! ह्यो काटा माझा हाय. ठेव कुदळ!"

बनुबाईनं कपाळाला हात लावला. उदयसिंहानं शांतपणे कुदळ माझ्या हातात दिली, सावलीला बसला आणि ताक प्याला.

"मग खणा, तात्याबा. अर्धं कुरण बाकी हाय."

उरलेलं मी बारा दिवसांत खणलं. पण माझी मुळं त्याच्या मुळांपेक्षा वीतभर लांब निघाली. मोजून सांगतोय.