लाल लोकरीची ओळ

माझ्या लेकीला मी सासूबाई म्हणते. त्यात थट्टा आहे, पण सगळीच थट्टा नाही. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात, आणि मग आजीच पुन्हा घरात आली असं धरून सगळे वागतात. माझी सासू वान्जुगू आणि माझी पाच वर्षांची पोरगीही वान्जुगू. पोरीला नाव घेऊन झापायचीसुद्धा सोय नाही, कारण गाईपुढे गवत टाकणारी थोरली वान्जुगू लगेच मान वर करते.

सासूचा जीव वाटाण्यांत. लग्न होऊन इथे किनांगोपच्या थंड पठारावर आली तेव्हा माहेरून मूठभर बी पदरात बांधून आणलं होतं, तेच ती वर्षानुवर्षं लावत आली. तिचे वेल माणसापेक्षा उंच जातात. बाजारातल्या बुटक्या वाटाण्याला ती हातही लावत नाही. दरवर्षी एका ओळीच्या काठ्यांना लाल लोकर बांधते. त्या ओळीच्या शेंगा वेलावरच वाळायच्या आणि बी म्हणून चुलीवरच्या धुरात टांगलेल्या तुंब्यात जायच्या. बाकीच्या शेंगा टोपलीतून स्वयंपाकघरात यायच्या, सोलल्या जायच्या आणि बटाटा नि भोपळ्याच्या पाल्याबरोबर घोटून त्यांचा मुकिमो व्हायचा. पण कुठल्याही ओळीतली शेंग उभ्या उभ्या तोडून कच्ची खायची नाही, हा तिचा नियम होता. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

मी नवी होते तेव्हा मला तो नियम ठाऊक नव्हता. पाचवा महिना लागला होता आणि कोवळी शेंग बघून तोंडाला पाणी सुटलं होतं. शेंग उकलली, दाणे ओठांपर्यंत नेले, तेवढ्यात सासूनं ते माझ्या हातातून हिसकावून घेतले. वर शेजारच्या दोघींसमोर विचारलं, की तुझ्या आईच्या घरी भांडी नव्हती का. गरोदर बाईच्या तोंडचा घास काढून घेतला तिनं. याला सहा वर्षं झाली. मी ते विसरले नाही आणि खरं सांगायचं तर विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आमच्याकडे जुलैत कडाक्याची थंडी असते; यंदा एका पहाटे दव गोठलं आणि सगळं शेत पांढरं पडलं. दुपारपर्यंत वेल उकडलेल्या पाल्यासारखे काळे होऊन लोंबायला लागले. तुंब्यातलं बी तर सगळं पेरून झालेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीलगतची एकच ओळ चुलीच्या उबेनं वाचली. सासूनं दुसरीकडची लोकर सोडली आणि या ओळीला बांधली. एवढी ओळ गेली की तिच्या माहेरचं बियाणं संपलं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

पंधरा दिवसांनी सकाळी तिनं मला हाक मारली. आवाजावरूनच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. मी गेले तर लाल लोकरीच्या ओळीत पहिल्या नजरेला शेंगाच दिसेनात. नुसते देठ दिसत होते.

"तुझी ती खोड गेली नाही ना अजून, न्याकिओ?" ती म्हणाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सहा वर्षं हिच्या शेतात राबले, एक दाणा कच्चा खाल्ला नाही, आणि हे ऐकायचं? चांगली सुनवावी म्हणून तोंड उघडलं आणि माझी नजर वेलावर गेली. शेंगा फक्त खालच्या गेल्या होत्या. माझ्या खांद्याच्या वर, जिथे लहान हात पोचत नाही, तिथे त्या जशाच्या तशा लटकत होत्या.

माझं तोंड मिटलं. हिनं मला मोठीला सोडलं नव्हतं, पोरीचं काय करेल? त्या दोन बायांसमोरची मी मला आठवले आणि माझ्या लेकीला मला तिथे उभं करायचं नव्हतं.

"मीच खाल्ल्या," मी म्हटलं.

सासू माझ्याकडे बघत राहिली, मग वेलाकडे. "आणि वरच्या कोणासाठी ठेवल्यास?"

तिनं पोरीला हाक मारली. धान्याच्या कणगीखालून आमच्या धाकट्या सासूबाई बाहेर आल्या, फ्रॉकला सालं चिकटलेली. सासू गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "तोंड उघड."

पोरीनं उघडलं. दातांत हिरवं अडकलं होतं. सासूनं धरलेली तिची हनुवटी सोडली. "शोशो, मला मारणार?" पोरीनं आजीला विचारलं.

"स्वतःला कोण मारतं गं?" म्हणत सासू तिथेच मातीत बसली. मग माझ्याकडे न बघता सांगू लागली.

"मी हिच्याएवढी होते. आई गोऱ्याच्या मळ्यात वाटाणे तोडायची, आम्ही पोरी तिच्याबरोबर. संध्याकाळी फाटकापाशी ओळीनं उभं करून आमची तोंडं उघडायला लावायचे. दात हिरवे दिसले तर पोरीला हात लावायचे नाहीत. तिच्या आईला मारायचे. मी एकदाच खाल्ली होती. एकच शेंग."

सहा वर्षं जपलेला राग मनात होता तिथेच होता, पण आता तो कोणावर काढायचा ते कळेना.

सासू उठली, वरच्या शेंगा बोट लावून मोजल्या. अकरा भरल्या. आठ बियाण्याला पुरतील, असं स्वतःशीच म्हणाली आणि टाचा उंचावून तीन तोडल्या. एक पोरीला दिली. दुसरी उकलून दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि राहिलेल्या चार दातांनी डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

मग तिसरी शेंग तिनं माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

"खा," ती म्हणाली. "तुझी तेव्हाची राहिलीय."