खिळ्यावरचा दोर

आमच्या हॉटेलाला नावाची पाटी नाही. फुलसावंगीत कुणालाही विचारा, तो "उकंडाचं हॉटेल" म्हणेल आणि बाजाराकडे हात करेल. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, दाराजवळ एक लोखंडी खुर्ची आणि चौकटीला एक मोठा खिळा. त्या खिळ्याला काथ्याचा जाड दोर टांगलेला असायचा आणि त्याचं खालचं टोक कायम धुमसत असायचं. ज्याला बिडी पेटवायची त्यानं दोर उचलायचा, बिडी टेकवायची, दोन झुरके ओढायचे आणि दोर सोडून द्यायचा. माझे सासरे उकंडा यांनी तो विस्तव चाळीस वर्षं जपला. रात्री टोक राखेच्या टोपलीत खुपसून ठेवायचे, सकाळी एक फुंकर मारली की पुन्हा लाल.

मी नेरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई, सत्यभामा, जाऊन दोन वर्षं झाली होती. सासरी हाताला धरून शिकवायला बाईमाणूस नव्हतं, ते मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनीच केलं. चहाला उकळी किती, आलूबोंड्याचं बेसन किती पातळ, कोणत्या गिऱ्हाइकाला हसून उत्तर द्यायचं आणि कोणत्याला नुसती मान हलवायची. हिवाळ्यात सकाळी ऊन दारातून तिरपं आत यायचं आणि त्या उन्हात धूर हळूहळू वर चढायचा, पत्र्याखाली आडवा व्हायचा. माणसं अर्धीमुर्धीच दिसायची. कुणाची टोपी, कुणाची मिशी, कुणाचा नुसता कपबशी धरलेला हात. बोलणीही कुठून येतात ते कळायचं नाही. मला ते फार आवडायचं, कबूल करते. ज्या धुरानं मामाजींची छाती पोखरली, त्याच्याकडे मी नऊ वर्षं खुळ्यासारखी बघत उभी होते. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो माझा मलाच येतो.

दिवाळीनंतर त्यांना पुसदला दवाखान्यात ठेवावं लागलं. बिडी त्यांनी त्याच दिवशी सोडली, एका शब्दानं कुरकुर केली नाही. पण डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याचा धूरही चालणार नाही. मग काय, हॉटेलामागच्या खोलीत त्यांची खाट पडली. मधे एक भिंत. तिकडून ते कपांचे आवाज ऐकत पडायचे. कुणी खोकललं की म्हणायचे, "देवसिंग आला वाटते." कुणी बाक ओढलं की म्हणायचे, "हळू, त्याचा पाय ढिला हाये." पंधरा दिवसांनी ते बोलणंही बंद झालं. भाकरी अर्धी राहू लागली. एका दुपारी मी औषध द्यायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ममता, माह्या खुर्चीवर कोन बसते आता?"

"कोनी नाही, मामाजी."

"मंग धूळ बसत असंल. पुसत जाय."

त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाला पुन्हा त्या खुर्चीवर बसवायचं. आणि ते बसायचे तर हॉटेलात बिडी नको, सिगारेट नको, चुलीचा धूरही नको.

माझा नवरा संघदीप म्हणाला, "लोक आपल्याकडं चहा प्याले नाही येत, बिडी प्याले येतात. चहा त्याच्यासंगं घेतात."

"मंग बिडी घरी प्या म्हनावं."

"घरी बायको ओढू देत नाही, म्हनून तर इथं येतात!"

"आता इथंबी एक बाईच हाये," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे, संघदीपला तर जास्तच.

देवसिंग नाईक म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, खताच्या दुकानातला. त्याला आधी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाई, कायदा शहरातल्या एसीच्या हॉटेलासाठी असते. इथं चारी बाजूनं वारा हाये. माह्यं तोंड बिडीशिवाय उघडतच नाही." दुसरा एक जण म्हणाला, आम्ही ओढतो ती आमच्या पैशाची. तिसरा, नेहमी कोपऱ्यात बसणारा निवृत्त मास्तर, कधी बिडीला शिवला नव्हता. तो हळूच म्हणाला, "मले तर वीस वर्षं वाटून राह्यलं की कोनी तरी म्हनावं." वीस वर्षं! मी त्याच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं धूर गिळला पण तोंड उघडलं नाही या माणसानं.

शेवटी गॅस आणला. चूल मोडली, राखेची टोपली उकिरड्यावर रिकामी केली. संघदीपनं दाराच्या उरलेल्या निळ्या रंगात एका पत्र्यावर लिहिलं, "येथे बिडी-सिगारेट ओढू नये." बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी दोर खिळ्यावरून काढला आणि मागच्या खोलीत मामाजींकडे नेला. टोक लाल होतं.

"मामाजी, इझवू?"

ते दोराकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मिस्कील हललं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

"इझव," म्हणाले.

मी टोक पाण्याच्या लोट्यात बुडवलं. चर्र झालं. दोर वाळवून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं होतं. इतकं की समोरचं कडुलिंबाचं झाडही नव्हतं, नुसती त्याची सावली हवेत उभी होती. बाजाराला आलेल्या बैलांच्या घुंगरांचे आवाज यायचे, बैल दिसायचे नाहीत. मी दार उघडलं, गॅसवर चहा ठेवला आणि कंबर कसून उभी राहिले. आज भांडण होणार, मी तयार होते.

भांडण झालंच नाही. धुक्यातून एकेक माणूस दाराशी यायचा, खिळ्याकडे बघायचा, टोपी काढायचा आणि आत येऊन मुकाट बसायचा. कुणी बिडी काढली नाही. कुणी मोठ्यानं बोललं नाही. साखर कमी म्हणून कुणी ओरडलं नाही. बाकं भरली, तरी चहा भुरकण्याचा आवाजसुद्धा जपून येत होता. मी मनात म्हटलं, काय पाटी लिहिली आहे माझ्या नवऱ्यानं! चाळीस वर्षांची सवय एका पत्र्यानं सुटली. देवसिंग आला, खिळ्यापाशी थबकला, माझ्याकडे बघून हात जोडले.

"बाई, हिंमत ठेवा," तो म्हणाला.

"ठेवलीच हाये," मी म्हटलं. "तुमी लोकायनं साथ देल्ली म्हंजे झालं."

"आमी हावोच ना." त्याचा आवाज भरून आला होता. मला वाटलं, बिडी सोडणं जड जात असेल बिचाऱ्याला.

मग सुखीबाई आली. ती तांड्यावरची, दर बाजाराला जांभळं-बोरं, जे रानात असेल ते विकायला बसणारी. मामाजींना ती भिया म्हणायची, म्हणजे भाऊ. बाजार मांडायच्या आधी आमच्या दोरावर बिडी पेटवायची आणि खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसून मामाजींसोबत ओढायची, असा तिचा कित्येक वर्षांचा नेम. त्या दिवशी तिनं खिळ्याकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपली खाली टाकली. बोरं घरंगळत बाकांखाली गेली. तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि असा काही हंबरडा फोडला की गॅसवरचा चहा उतू गेला तरी मला भान राहिलं नाही. मग रडत रडतच तिनं काडी ओढली, बिडी पेटवली आणि जळती बिडी मामाजींच्या रिकाम्या खुर्चीच्या पायाशी नीट ठेवली.

मला दुसरं काही सुचलंच नाही. मी ओरडले, "सुखीबाई! बाहेर! बोर्ड दिसत नाही का?"

सगळं हॉटेल माझ्याकडे वळून बघू लागलं. त्या नजरा मी जन्मात विसरणार नाही.

देवसिंग उठून म्हणाला, "बाई, मानूस गेल्याच्या दिवशी तरी असं बोलू नये."

"कोन गेलं?"

मास्तरांनी नुसता खिळ्याकडे हात केला. "दोर इझला ना," ते म्हणाले. "उकंडाची माय गेली तवा इझला होता. मंग सत्यभामाबाई गेल्या तवा. एरवी कधीच नाही."

तेव्हा मला उमगलं. माझ्या लग्नाच्या आधीच्या गोष्टी या, मला कोण सांगणार? ज्यांनी सांगायला हवं होतं ते भिंतीपलीकडे पडून सगळं ऐकत होते.

मागचं दार वाजलं. चहाची वाफ आणि दारातून आत आलेलं धुकं, त्यातून मामाजी आले. अंगावर घोंगडी, डोक्याला माकडटोपी, एक हात भिंतीला. तीन पावलं आणि श्वास. तीन पावलं आणि श्वास. कुणी जागचं हललं नाही. ते खुर्चीपर्यंत पोचले, खुर्चीवर बोट फिरवून धूळ आहे का बघितलं आणि बसले.

"काहून रडून राह्यली, सुखे?"

सुखीबाईनं ओढणी वर केली. आधी त्यांच्या पायाला हात लावून पाहिला, मग गुडघ्याला. मग त्याच गुडघ्यावर एक सणसणीत चापट मारली. "जित्ता हायेस का रे भिया तू!"

सगळे हसले. मास्तर हसता हसता डोळे पुसत होते. पण खाली, खुर्चीच्या पायाशी, ती बिडी जळतच होती. धुराची एक रेघ मामाजींच्या गुडघ्याशी आली, छातीशी आली. त्यांचं हसणं थांबलं. ते त्या बिडीकडे बघत राहिले आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे. त्यांची दोन बोटं आपोआप एकमेकांजवळ आली होती. मग खोकला आला. तसा खोकला त्यातल्या कुणीही पाहिला नव्हता, कारण तो भिंतीपलीकडे असायचा. माणूस खुर्चीत दुमडून गेला, ओठ निळे पडले. मी पाठ चोळत राहिले.

सुखीबाईनं बिडी उचलली आणि देवसिंगच्या उरलेल्या चहात बुडवली.

"एकडाव रडली मी," ती म्हणाली. "आता पुन्हा नाही रडत. आयकलं का सगळ्यायनं?"

त्या दिवसापासून लोक कडुलिंबाखाली जाऊन ओढू लागले. सगळे काही साधुसंत झाले नाहीत. दोघं-तिघं नाराज होऊन दुसऱ्या हॉटेलात गेले ते गेलेच, आणि देवसिंग अजून म्हणतो की माझा कायदा त्याला पटलेला नाही. पण जातो झाडाखाली.

संध्याकाळी मी मामाजींना विचारलं, "तुमाले मालूम होतं ना? सांगतलं काहून नाही?"

"म्या म्हटलं, पाहू तरी कोन कोन येते," ते म्हणाले. आणि त्या रात्री अख्खी भाकरी खाल्ली.

पुढं तेरा महिने ते त्या खुर्चीवर बसले. रोज सकाळी ऊन दारातून यायचं, त्यात आता धूर नव्हता, नुसत्या चहाच्या वाफा आणि धुळीचे कण. माणसं पुरी दिसायची. मामाजी उन्हात डोळे मिटून बसायचे आणि पावलांवरून माणसं ओळखायचे. मागच्या माघात एका दुपारी तसेच डोळे मिटले आणि मी चहा घेऊन गेले तरी उघडले नाहीत. चेहरा इतका निवांत होता की मी कप हातात धरून बराच वेळ तशीच उभी होते. जलदानविधी झाला, हॉटेल पुन्हा उघडलं. गाव येऊन गेलं.

सुखीबाई तेवढी नव्हती. यंदा पहिल्यांदाच ती पोरासोबत ऊसतोडीला गेली होती, नातवंडं सांभाळायला. होळीनंतर परतली. रस्त्याकडेला पळस लाल झालेला, आणि ती त्या उन्हातून हातात गुळाची ढेप घेऊन येताना मला लांबूनच दिसली. दारात आली. सवयीनं खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा, पण तो तर वर्षभर रिकामाच होता. तिनं ढेप खुर्चीवर ठेवली.

"भिया पुसदले गेला का दवाखान्यात? त्याच्यासाठी आनला. तिकडचा गूळ हाये, चहात टाक म्हना."

मी तोंड उघडलं. अख्ख्या गावाला ऐकवणारी मी, मला एक वाक्य बोलता येईना. मी आत गेले, बिस्किटाचा डबा उघडला, दोर काढला. गॅसवर धरला. टोक लाल झालं. बाहेर आणून तो खिळ्याला टांगला. इतक्या दिवसांनी धुराची बारीक रेघ उन्हात वर चढली.

सुखीबाई घाबरून माझ्याकडे बघू लागली. "पेटवला कायले, बाई? भिया खोकलंल ना."

मी पाण्याचा ग्लास घेतला आणि तिच्यासमोर टोक त्यात बुडवलं.

चर्र झालं.

ती दोराकडे बघत राहिली. मग खुर्चीकडे. मग हळूच, नेहमीच्या जागी, उंबऱ्यावर बसली आणि ओढणी तोंडावर ओढून घेतली. मी तिच्याशेजारी बसले. ओढणीआडून आवाज आला.

"त्या दिवशी रडली ते पुरलं नाही, बाई."